तुम्ही विचारलेत म्हणून: कामाच्या मधल्या सुट्टीत कोणता चहा प्यावा?

"कामाच्या मधल्या सुट्टीत पिण्यासाठी चांगला चहा कोणता, एकच नाव सांगा," असे मला वारंवार विचारले जाते, आणि मी उत्तर देण्याआधी उलट प्रश्न केले की विचारणाऱ्याचा उत्साह मावळतो. तुमच्याकडे पाणी खळखळून उकळते की यंत्रातून नुसते गरम येते, सुट्टी किती मिनिटांची असते, आणि पत्ती पाण्यात असताना तुम्ही तिथे थांबता की फोन घ्यायला निघून जाता, एवढेच मला कळायला हवे असते. काहींना यात ज्ञान मिरवण्याची हौस दिसते, तर काहींना वाटते की मला माझे गुपित राखायचे आहे. हे दोन्ही समज मनाला लागतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

समजा, मी दार्जिलिंगच्या फर्स्ट फ्लशचे, म्हणजे वसंतातल्या पहिल्या खुडणीच्या चहाचे, नाव सांगितले. तो फिकट रंगाचा, सुगंधी आणि नाजूक असतो. दूध घातले की त्याचे वैशिष्ट्य पुसले जाते आणि पत्ती कपात विसरली गेली की तोंड आवळणारा तुरटपणा येतो. ज्यांची सुट्टी जिन्यावरून खाली-वर करण्यातच संपते, त्यांनी तो पैसे खर्चून आणावा आणि मग मला दोष द्यावा, असे मला नको आहे. उलट सीटीसी चहाविषयी मी नाक मुरडीन अशी लोकांची अपेक्षा असते आणि मी तसे करत नाही, याचेही त्यांना आश्चर्य वाटते. पाने दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून त्यांचे बारीक दाणे करण्याची ही पद्धत 1930च्या दशकात आसाममध्ये सुरू झाली. दाणा बारीक असल्यामुळे पाण्याला भिडणारा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून रंग आणि कडकपणा झपाट्याने उतरतो आणि दुधातही टिकतो. ज्यांच्याकडे उकळते पाणी, दूध आणि जेमतेम पाच मिनिटे आहेत, त्यांना मी निःसंकोचपणे चांगला ताजा सीटीसी घ्यायला सांगते.

पाण्याबद्दल बोलू लागले की मात्र मला कोणी पुढे बोलू देत नाही. जड पाण्यातले कॅल्शियम चहातल्या द्रव्यांशी मिळून कपावर साय आल्यासारखा पातळ तवंग धरते आणि सुगंध दबतो. तो तवंग पाहून पुष्कळजण पत्तीला भेसळयुक्त ठरवतात. गाळलेले पाणी वापरून पाहा, हा माझा सल्ला इतका साधा असतो की तो सल्ला म्हणून कोणाच्या गणतीतच येत नाही. काहीजण आयएसओ 3103 हे 1980 सालचे आंतरराष्ट्रीय मानक दाखवून वाद संपवू पाहतात: 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम पत्ती आणि 6 मिनिटे. ते मानक चहा चाखून पारखणाऱ्यांसाठी आहे. सगळे नमुने एकाच रीतीने तयार व्हावेत आणि त्यांची तुलना करता यावी, हा त्याचा हेतू आहे. तुमच्या कपातला चहा तुम्हाला आवडावा, याची जबाबदारी त्याने घेतलेली नाही.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे उलट प्रश्न विचारू लागले, तो सांगते.

आमच्या कार्यालयात एका कोपऱ्यात विजेची किटली होती. दुपारी चार वाजता पंधरा मिनिटांची सुट्टी होत असे आणि त्या वेळी मी आसामच्या सेकंड फ्लशचा अख्ख्या पानांचा चहा करीत असे. त्याला उकळी फुटलेले पाणी आणि झाकणाखाली चार मिनिटे लागतात. त्या चार मिनिटांत आम्ही काही सहकारी किटलीजवळ उभे राहत असू. पडद्यावरून नजर निघालेली असे, पाने उलगडत असत आणि कोणी कोणाला काम सांगत नसे. हळूहळू माझ्या पत्तीवर बऱ्याच जणांचा चहा होऊ लागला आणि मला त्याचा आनंदच होता.

मग एका सोमवारी किटली जागेवर नव्हती आणि तिथे गरम पाण्याचे यंत्र बसवलेले होते. कारण सुरक्षिततेचे दिले गेले. मी थर्मामीटर आणून पाहिले, तेव्हा पाणी कपात पडेपर्यंत 80 अंशांच्या आसपास आलेले असे. त्या पाण्यात माझ्या आसामचा रंग उतरत होता, पण अंगातला जोम उतरत नव्हता. चार मिनिटांच्या जागी आठ मिनिटे ठेवूनही तो पोकळच लागत होता.

महिन्याच्या बैठकीत मी किटली परत मागितली. काय बोलायचे ते मी कागदावर लिहून नेले होते: तापमानाचा फरक, आपोआप बंद होणाऱ्या किटलीचा पर्याय, तिची देखभाल मी स्वतः करण्याची तयारी. मी दुसऱ्या मुद्द्यावर असताना आमचे प्रमुख म्हणाले, "अहो, चहाच तर आहे. एका कपासाठी चार-चार मिनिटे उभे राहणे आपल्याला परवडणारे नाही." काही जण हसले. मी समोर पाहिले. रोज माझ्या किटलीपाशी कप घेऊन येणारे चेहरे कागदांमध्ये गुंतलेले होते आणि त्यांच्यातल्या सगळ्यात नियमित येणाऱ्या बाई म्हणाल्या, "यंत्राचा चहाही तसा बरा असतो." बैठक पुढच्या विषयाकडे गेली. नंतर त्याच बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एवढे मनाला लावून घेऊ नका हो." त्यांच्या आवाजात खरी काळजी होती आणि त्यामुळेच मला काही उत्तर देता आले नाही. मी ज्या चार मिनिटांचे रक्षण करायला उभी राहिले होते, ती त्यांचीही होती असे मी धरून चालले होते.

त्यानंतर बरेच दिवस मी सुट्टीत जागेवरच बसून राहिले आणि पाण्यावर भागवले. चहाविना माणूस मरत नाही, हे मला मान्य आहे. पण सुट्टी संपल्यावर ती झाली होती असे वाटत नसे.

त्या काळात मी 80 अंशांना कोणते पान साथ देते हे शोधू लागले. हिरव्या चहाला कमी तापमान लागते, कारण पाणी फार तापलेले असले की त्यातली कडवट, तुरट द्रव्ये वेगाने उतरतात. जपानी सेंचाला 70 ते 80 अंश पुरतात. पण सेंचा मिनिटभरात गाळावा लागतो आणि आमच्याकडे तेवढ्यात कोणीतरी हाक मारतेच. अखेर जमला तो चीनमधल्या हांगचौचा लोंगजिंग. कढईत भाजल्यामुळे त्याची पाने चपटी होतात आणि त्याला भाजलेल्या सुक्या मेव्यासारखा वास असतो. उंच काचेच्या पेल्यात थोडीच पाने टाकायची, वर पाणी ओतायचे, पाने खाली बसू लागली की प्यायला लागायचे आणि तिसरा हिस्सा उरला की पुन्हा पाणी घालायचे. तिथे तो असाच पितात. गाळणी लागत नाही आणि हाक आली तर पेला वाट पाहतो. या नावाने विकला जाणारा बराचसा चहा मूळ परिसराबाहेर तयार होतो, म्हणून आधी थोडासाच मागवावा, खुडणीचे वर्ष पाहावे, आणि घट्ट झाकणाच्या, प्रकाश न शिरणाऱ्या डब्यात ठेवावा. हातांना लावायचे मलम किंवा अत्तर असलेल्या खणात चहा अजिबात ठेवू नये. तो वास ओढून घेतो.

चारनंतर मी होजिचा घेते. तो भाजलेला जपानी चहा 1920च्या दशकात क्योतोमध्ये रुजला. त्यात कॅफीन कमी असते आणि पाणी थोडे अधिक-उणे झाले तरी तो सांभाळून घेतो. निरोगी प्रौढ शरीरातले निम्मे कॅफीन उतरायला साधारण 5 तास लागतात, त्यामुळे संध्याकाळच्या कडक चहाचा हिशेब रात्री द्यावा लागतो.

येथे माझ्यातली जुनी आसामप्रेमी मला थांबवते. ती विचारते: यंत्राला शोभेल असा चहा तू शोधलास, म्हणजे यंत्र बसवणाऱ्यांचेच म्हणणे मान्य केलेस ना? मी तिला सांगते की किटली गेली नसती, तर लोंगजिंगपर्यंत मी पोहोचले नसते आणि आज तो मला मनापासून आवडतो. त्यावर ती म्हणते, आवडतो म्हणून काढून घेणे योग्य ठरते का? मी नाही म्हणते. मग ती विचारते की त्या पेल्याजवळ आता कोण उभे असते. मी एकटीच असते. ज्याला थांबावेच लागत नाही असा चहा मी निवडला आणि तो घेऊन पडद्यासमोर बसणेही मला सोपे झाले, हे मला तिच्यापासून लपवता येत नाही. दुपारी पेला घेऊन खिडकीपाशी जायचे असे मी ठरवले आहे. काही दिवस ते जमते, काही दिवस जमत नाही.

तर एकच नाव हवे असेल, तर 80 अंशांचे पाणी आणि तुटक सुट्टी असलेल्यांनी लोंगजिंग घ्यावा, आणि उकळते पाणी व चार मोकळी मिनिटे ज्यांच्या हाती आहेत त्यांनी अख्ख्या पानांचा आसाम. माझ्या घरी सुट्टीच्या दिवशी आजही आसामच होतो. कार्यालयात किटली परत द्यावी ही मागणी मी मागे घेतलेली नाही. या वर्षीच्या सूचनांमध्येही ती लेखी दिली आहे आणि तिच्यावर अजून उत्तर आलेले नाही.