कागदी घोडेस्वार: स्वार उतरला पाहिजे

आमच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या टेबलावरची पॅलाडिन (धर्मयोद्धा) पाचव्या लेव्हलला पोचली, स्वारीचा प्राणी बोलावणारा ‘फाइंड स्टीड’ मंत्र तिच्या हाती आला आणि तिने अर्थातच लढाऊ घोडा मागितला. मग कागदी मिनी, म्हणजे खेळाच्या नकाशावर ठेवायच्या छोट्या आकृत्या, करणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: घोडा आणि स्वार एकाच तुकड्यावर काढायचे की वेगळे?

मी ठामपणे वेगळ्याच्या बाजूने. २०१४ च्या नियमांत चढायला किंवा उतरायला निम्मी चाल खर्ची पडते. घोडा आडवा झाला तर स्वार रिअ‍ॅक्शन (लगेच प्रतिक्रिया देण्याची संधी) वापरून पायांवर उतरतो, नाहीतर पाच फुटांच्या आत कोसळतो. मंत्राने आलेला घोडा तर शून्य हिट पॉइंटला (जीव संपला की) नाहीसाच होतो. हे सगळं नकाशावर दिसायला हवं. घोडा-स्वार एकत्र असलेली जोडमिनी वापरली की घोडा नेमका कुठे सोडला यावरून वाद ठरलेला.

म्हणून तीन तुकडे केले: रिकाम्या खोगिराचा घोडा, मांड ठोकून बसलेली पॅलाडिन आणि पायी उभी पॅलाडिन.

बसलेल्या तुकड्यात खरी गंमत आहे. डावी आणि उजवी बाजू शिरस्त्राणाच्या टोकाशी जोडलेली ठेवायची, तिथे घडी घालायची आणि गोंद फक्त कमरेपर्यंत लावायचा. खाली दोन पाय मोकळे राहतात, ते घोड्याच्या दोन्ही अंगांना उतरतात. खोगिरात दोन मिलिमीटरची खाच ठेवली की स्वार मागेपुढे सरकत नाही. घोडा ३०० जीएसएमच्या जाड कागदाचा, स्वार १६० च्या पातळ कागदाचा. स्वारही जाड घेतला तर पाय फाकून राहतात. घडीची रेघ रिफिल संपलेल्या बॉलपेनने आखली की कागद फाटत नाही.

दुसरी बाजू नुसती आरशासारखी उलटवू नका. उजव्या हातातलं शस्त्र डाव्यात जातं. डावीकडून ढाल दिसली पाहिजे, उजवीकडून शस्त्राचा हात. दोन्ही बाजू वेगळ्या काढायला वेळ लागतो, पण स्वार जिवंत वाटतो तो त्यामुळेच. लान्स (लांब भाला) उभीच धरलेली बरी. आडवी काढली तर शेजारच्या चौकोनात घुसते आणि पहिल्याच झटापटीत वाकते. ती वेगळी कापून दोन थरांच्या मध्ये चिकटवली आहे.

मिनीची बैठक (तळ) दोन इंच बाय दोन इंच, कारण नियमांत घोडा ‘लार्ज’ आकाराचा. इंचाला पाच फूट या मापाने घोड्याची पाठ साधारण २५ मिलिमीटरवर येते, लांबी चाळिसच्या आसपास. बैठकीवर चार चौकोनांच्या फिक्या रेघा मारल्यात. स्वार त्यातल्या कुठल्या चौकोनात, हा प्रश्न आम्ही निकालात काढला आहे: आमच्याकडे तो चारही चौकोनांत धरतात.

आता हाफलिंग या बुटक्या वंशाच्या पात्रासाठी मॅस्टिफ, म्हणजे मोठा कुत्रा. हाफलिंग ‘स्मॉल’, कुत्रा ‘मीडियम’, म्हणजे बैठक एकाच इंचाची. कुत्र्याची पाठ इतकी खाली की पाय तेवढेच लांब ठेवले तर बैठकीला टेकतात आणि स्वार वर उचलला जातो. गुडघे दुमडून काढलेलं कच्चं रेखाटन तयार आहे, कापायचं बाकी आहे.