अरुशाच्या बाजारात सोलापूरचा टॉवेल, आणि आठ देशांची वर्गणी

मागच्या महिन्यात इथं टांझानियात, अरुशाच्या किलोम्बेरो मार्केटमध्ये एक टॉवेल घेतला, वापरलेला, दोन हजार शिलिंगला. गरज काही नव्हती. पण टेरीचं काम आयुष्यभर केलेल्या माणसाचा हात ढिगात आपोआप जातो, लूप बघितला, काठ बघितला आणि लेबल उलटं केलं तर मेड इन इंडियाच्या खाली बारीक अक्षरात सोलापूर! तिथंच उभा राहून हसलो, विकणाऱ्या बाईला वाटलं भाव जास्त सांगितला म्हणून हसतोय, तिनं लगेच दोनशे कमी केले.

रात्री अण्णांना फोन केला. अण्णा मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर अशोक चौकाकडं एका पॉवरलूमवर गेले, त्यांना कापडाचं सांगावं लागत नाही. म्हणाले, "म्हणजे आपलाच माल, गोऱ्यांनी अंग पुसून झाल्यावर आफ्रिकेत पाठवला?" हो, तसंच. इथं याला मितुम्बा म्हणतात, मूळ शब्द गाठींचा, आपल्याकडं कापसाच्या गाठी तशा या जुन्या कपड्यांच्या गाठी, युरोप-अमेरिकेतून कंटेनर भरून येतात आणि अर्धं गाव तेच घालतं. स्वस्त आहे, चांगलं पण असतं, मी स्वतः दोन जर्किनं घेतलीत. पण मी ज्या फॅक्टरीत प्रॉडक्शन बघतो तिथं नवीन शर्टपीस कुणाला विकायचा हा प्रश्न रोजचाच.

तर २०१६ च्या मार्चमध्ये याच अरुशात पूर्व आफ्रिकेच्या संघटनेच्या, म्हणजे ईएसीच्या, देशप्रमुखांनी ठरवलं की तीन वर्षांत मितुम्बा हळूहळू बंद करायचं आणि आपापल्या गिरण्या उभ्या करायच्या. मग अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं तिकडं तक्रार केली, अमेरिका म्हणाली की असं असेल तर आफ्रिकी मालासाठीच्या आमच्या आगोआ कायद्याखाली तुमच्या मालाला जी ड्युटी माफ आहे ती बघावी लागेल. केनिया मागं सरकला, टांझानिया आणि युगांडा सरकले. रवांडा एकटा अडून राहिला, मितुम्बावरची किलोला २० सेंटची ड्युटी थेट अडीच डॉलर केली, आणि २०१८ च्या जुलैमध्ये त्याच्या कपड्यांची अमेरिकेतली सवलत गेली. अण्णा हे ऐकून म्हणाले, "संप आमचाही असाच व्हायचा बे, सगळे हो म्हणायचे आणि सकाळी गेटवर चारच जण."

अण्णांचा पुढचा प्रश्न असा होता की मग यांना वर कुणी विचारणारं नाही का. आहे की! पार्लमेंट आहे, अख्ख्या पूर्व आफ्रिकेचं, आणि ते माझ्या खोलीपासून दालादालानं, म्हणजे इथल्या शेअर मिनीबसनं, वीस मिनिटांवर. इथले लोक बुंगे म्हणतात, नाव ईस्ट आफ्रिकन लेजिस्लेटिव्ह असेंब्ली, २००१ पासून चालू. संघटनेत आता आठ देश आहेत, काँगो २०२२ ला आला, सोमालिया २०२४ ला. प्रत्येक देशाचे नऊ सदस्य, मग देश काँगोएवढा असो नाहीतर बुरुंडीएवढा. लोक थेट मत देत नाहीत, त्या त्या देशाची संसद निवडून पाठवते, आपल्याकडं आमदार विधान परिषदेवर पाठवतात ना तसं, फक्त स्वतःच्या खासदाराला पाठवायचं नाही. अधिवेशन असलं की वेगवेगळ्या नंबरप्लेटच्या काळ्या गाड्या दिसतात, क्लॉक टॉवरजवळ ट्रॅफिक तुंबतं आणि आमच्या ऑफिसातले लोक उशिरा यायला हक्कानं तेच कारण सांगतात.

आता यातली मेख. यांनी बिल पास केलं तरी सगळ्या देशांच्या प्रमुखांची सही लागते, आणि एकानं जरी शेवटपर्यंत नाही म्हणलं तरी बिल मेलं. म्हणजे ज्यांना विचारायचं त्यांच्याच सहीवर सगळं. आणि पैसा? पैसा वर्गणीचा. कित्येक वर्षं पद्धत अशी होती की सगळ्यांना सारखी, प्रत्येक देशाला वर्षाला साधारण ७० लाख डॉलर. आता आपल्या गणपती मंडळानं नवी पेठेतल्या सराफाला आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याला एकच पावती फाडली तर काय होईल सांगा, पानवाला म्हणणार जमत नाही आणि सराफ म्हणणार तो देत नाही तर मी का देऊ. तेच इथं. वर्गणी थकते, मग अधिवेशनं पुढं ढकलली जातात, कमिट्यांचे दौरे रद्द होतात. यांची मोठी इमारत आहे ना, ती सुद्धा जर्मनीच्या पैशातून उभी राहिलीय.

हसू येतं पण पूर्ण हसता येत नाही. ही संघटना आधी एकदा मोडलीय, १९७७ ला. तेव्हा तीनच देश होते, युगांडात इदी अमीन, केनिया-टांझानियाचं पटेना, सामायिक विमान कंपनी आणि रेल्वे फुटली, बॉर्डर बंद. आमचे म्हातारे गोडाऊन-कीपर आहेत (त्यांना सकाळी शिकामू म्हणायचं, ते मराहाबा म्हणतात, आपल्या नमस्कार-आशीर्वादासारखं), ते सांगतात की केनियाच्या बॉर्डरवरच्या नमांगाच्या पलीकडं दिलेली बहीण त्यांना कित्येक वर्षं भेटली नव्हती. आज त्याच नमांगात दोन्ही देशांची तपासणी एकाच छताखाली होते आणि त्यासाठीचा कायदा याच बुंगेनं केलाय, मोंबासाहून आमच्या डायचे ड्रम येतात त्या ड्रायव्हरला विचारा त्याचं महत्त्व.

पण खरी परीक्षा बॉर्डरच्या कागदांची नसते. २०१५ ला बुरुंडीत अध्यक्ष तिसऱ्यांदा उभं राहायचं म्हणून अडले, विरोधक म्हणत होते की हे बुरुंडीतल्या शांततेसाठी झालेल्या २००० सालच्या अरुशा कराराच्या विरोधात आहे. शेजारचे प्रमुख त्यावर बोलायला दार एस सलामला जमले, बुरुंडीचे अध्यक्षही आले, आणि ते इकडं असतानाच तिकडं बंडाचा प्रयत्न झाला. बंड फसलं, तिसरी टर्म झालीच, लाखो माणसं सीमा ओलांडून इकडं टांझानियात आली. बुंगेच्या कमिटीनं त्यावर अरुशात सुनावणी घेतली, लोक येऊन बोलले. त्यानं काही थांबलं का? नाही. पण जे स्वतःच्या देशात बोलता येत नव्हतं ते नोंदवून घ्यायला कुणीतरी बसलं होतं, आणि मला तेवढं पण कमी वाटत नाही.

हे मला गेल्या वर्षी जास्त कळलं. इथल्या राजकारणावर परदेशी माणसानं फार बोलू नये, परमिट रिन्यू करायचंय, पण जे जगानं बघितलं तेवढं सांगतो. २९ ऑक्टोबर २०२५ ला इथं निवडणूक झाली, निदर्शनं पेटली, दार एस सलामला कर्फ्यू लागला आणि देशभर इंटरनेट बंद. आमची फॅक्टरी बंद, मी खोलीत, तांदूळ होता आणि आईनं दिलेली शेंगा चटणी होती, त्यावर दिवस काढले. व्हॉट्सअॅप नाही म्हणून घरी काहीच कळेना, आईनं म्हणे सिद्धेश्वराला नारळ बोलला. निकाल लागला, विजयी अध्यक्षांना जवळजवळ ९८ टक्के मतं.

नेट आल्यावर पहिलं जे वाचलं ते आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांच्या संघटनेच्या, म्हणजे साडेकच्या निरीक्षकांचं निवेदन. टांझानिया त्याही संघटनेत आहे. त्यांच्या पथकाचे प्रमुख होते मलावीच्या संसदेचे माजी सभापती रिचर्ड म्सोवोया, आणि त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की बहुतेक भागांत मतदारांना आपला कौल देता आला नाही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याबद्दल लिहिलेलं! इथं अशी निवेदनं बहुतेक वेळा "शांततेत पार पडली" अशीच असतात म्हणे. गोडाऊन-कीपर बाबांना मोबाईलवर ते दाखवलं, त्यांनी दोनदा वाचलं, काही बोलले नाहीत, मोबाईल परत दिला आणि गाठी मोजायला गेले.

अण्णांना हे सगळं सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं की टॉवेल कुठल्या कारखान्याचा होता. लेबल धुऊन धुऊन पुसलंय, सोलापूरच्या आधीचं नाव वाचता येत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येतोय तेव्हा घेऊन येतो, ते म्हणाले काठ बघून सांगतील.