चार देश पाहिले, शिक्के दोनच

परदेशातून परतलेल्या माणसाचा पासपोर्ट हातात घेऊन चाळण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि क्रूझवरून परतलेल्याच्या बाबतीत त्या चाळण्याचा शेवट बहुधा निराशेत होतो. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जेनोआ, चिवितावेक्किया (रोमसाठीचे बंदर), पालेर्मो आणि व्हॅलेटा ही बंदरे घेत पुन्हा बार्सिलोनाला येणारी क्रूझ आम्ही काही वर्षांपूर्वी केली. स्पेन, फ्रान्स, इटली आणि माल्टा असे चार देश झाले. पासपोर्टवर मात्र बार्सिलोनाच्या विमानतळावरचे दोनच शिक्के उमटले, एक येतानाचा आणि एक निघतानाचा. माझ्या नणंदेने पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "वहिनी, रोमला जाऊन आलात याला पुरावा काय मग?" तिने थट्टेने विचारले असले, तरी प्रश्न अगदी रास्त होता.

या चारही देशांमधल्या सीमांवर नेहमीची तपासणी होत नाही, कारण ते सगळे शेंगेन क्षेत्रात आहेत. शेंगेनमध्ये पहिले पाऊल जिथे पडते तिथे प्रवेशाचा शिक्का आणि जिथून बाहेर पडतो तिथे निर्गमनाचा, एवढाच हिशेब तेव्हा असे. क्रूझच्या बाबतीत तर युरोपीय संघाच्या सीमा संहितेत स्पष्ट तरतूद होती की, ज्या क्रूझ प्रवाशांची नियमाप्रमाणे सीमा तपासणी होत नाही, त्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारायचाच नाही. त्यामुळे बंदरावरच्या अधिकाऱ्याला गळ घालून काही उपयोग होत नसे. आमच्या गटातल्या एका उत्साही गृहस्थांनी जेनोआला तसा प्रयत्न करून पाहिला. अधिकाऱ्याने हसून त्यांना शहराचा नकाशा दिला.

ते दोन शिक्के मात्र निरखून पाहण्यासारखे आहेत. प्रवेशाच्या शिक्क्याची चौकट काटकोनी असते आणि निर्गमनाच्या चौकटीचे कोपरे गोलसर असतात, त्यामुळे तारीख पुसट झाली तरी शिक्का येतानाचा की जातानाचा हे कळते. डाव्या कोपऱ्यात ताऱ्यांच्या वर्तुळात देशाचे अक्षर असते, स्पेनसाठी 'ई'. उजव्या कोपऱ्यात प्रवासाच्या साधनाचे चित्र असते: विमान, जहाज, मोटार किंवा रेल्वे. माझ्या दोन्ही शिक्क्यांवर विमानच आहे. संपूर्ण सहल समुद्रावर झाली, पण जहाजाचे चित्र काही नशिबी आले नाही.

जहाज बंदराला लागते तेव्हा नेमके काय होते, हे मी जहाजावरच्या रिसेप्शनवर चौकशी करून समजून घेतले. प्रवाशांची आणि कर्मचाऱ्यांची यादी जहाजाचा स्थानिक एजंट बंदराच्या अधिकाऱ्यांकडे आधीच पोहोचवतो. अधिकारी ती यादी तपासून संपूर्ण जहाजाला एकत्रित परवानगी देतात, आणि त्यानंतरच 'आता उतरायला हरकत नाही' अशी घोषणा केबिनमध्ये ऐकू येते. काही मार्गांवर पासपोर्ट पहिल्याच दिवशी जहाजावर जमा करून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. अधिकाऱ्यांना पाहायचे असतील तर ते गठ्ठ्याने पाहतात. प्रवासी खाली उतरतो तो केबिनचे कार्ड दाखवून, आणि परत चढतोही तेच कार्ड दाखवून. हजारो माणसे सकाळी उतरून संध्याकाळी परत येणार असताना प्रत्येकासाठी काउंटर उघडणे कोणत्याच बंदराला परवडणारे नाही, हे मान्य करावेच लागते.

शिक्का मिळाला नाही म्हणजे देश ओलांडला नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये, कारण व्हिसाचे नियम शिक्क्याची वाट पाहत नाहीत. सिंगापूरहून सुटून मलेशिया किंवा थायलंडच्या बंदरांना जाऊन परत सिंगापूरला येणाऱ्या क्रूझ आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या विशेष आवडीच्या आहेत. त्यात जहाज सुटले की तुम्ही सिंगापूर सोडलेले असते आणि परतताना नव्याने प्रवेश करता. म्हणून मल्टिपल एंट्रीचा व्हिसा लागतो आणि सिंगापूरचे ऑनलाइन अरायव्हल कार्डही पुन्हा भरावे लागते. शेंगेनचा व्हिसा घेऊन तुम्ही निघालात आणि जहाज मध्येच तुर्कस्तानच्या बंदराला लागणार असेल, तर तिथेही हाच विचार करून ठेवावा. याउलट, मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारी क्रूझ हा देशांतर्गत प्रवास आहे. तिथे शिक्क्याचा प्रश्नच येत नाही, तरीही त्या प्रवासाला हौसेने पासपोर्ट घेऊन जाणारी मंडळी माझ्या ओळखीत आहेत.

शिक्का मिळत नाही म्हटल्यावर तो विकत घेण्याचा मोह होतो, आणि त्याची सोय युरोपच्या गट सहलीत हमखास येणाऱ्या एका गावी आहे. स्वित्झर्लंडहून ऑस्ट्रियाकडे जाताना बस लिक्टेनस्टाइनच्या वाडुझमध्ये थांबते. हा देशही शेंगेनमध्येच असल्यामुळे स्वित्झर्लंडच्या बाजूने शिरताना कोणी काही विचारत नाही, पण तिथल्या पर्यटन केंद्रात तीन स्विस फ्रँक दिले की पासपोर्टवर आठवणीचा शिक्का मारून देतात. तिथे लागणाऱ्या रांगेत मराठी भरपूर ऐकू येते. इटलीने वेढलेल्या सान मारिनो या चिमुकल्या देशात पाच युरोला अशीच सोय आहे. मला हा प्रकार पटत नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, आपण केवळ तो बाळगतो. त्यावर सीमेवरच्या अधिकाऱ्याखेरीज कोणाकडून काही उमटवून घेणे म्हणजे पुढच्या काउंटरवर विनाकारण प्रश्न ओढवून घेणे आहे. मी वाडुझचा शिक्का माझ्या डायरीत मारून घेतला, आणि केंद्रातल्या बाईंनी तो तितक्याच आनंदाने मारून दिला. (पासपोर्टची पाने फाडणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. बँकॉकची सहल घरच्यांपासून लपवण्यासाठी पाने फाडली आणि मुंबई विमानतळावर अटक झाली, अशा बातम्या अधूनमधून येतच असतात.)

खरा प्रश्न पुढचा आहे. आता विमानाने जाणाऱ्यांचे शिक्केही बंद होत चालले आहेत. हाँगकाँगने २०१३ मध्ये शिक्का थांबवून छापील चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. इस्रायलही शिक्क्याऐवजी चिठ्ठी देतो, कारण त्या देशाचा शिक्का पासपोर्टवर असेल तर काही देशांमध्ये प्रवेश मिळत नसे. रायगडमधल्या बेने इस्राएली (मराठी ज्यू) कुटुंबांचे नातेवाईक तिकडे असल्यामुळे त्यांना या चिठ्ठीचे महत्त्व चांगले ठाऊक असते. सिंगापूर प्रवेशाची नोंद ईमेलवर पाठवते. युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी संगणकीय नोंद सुरू केली आणि १० एप्रिल २०२६ ही तिच्या संपूर्ण अंमलबजावणीची तारीख ठरवली. आपल्यासारख्या व्हिसा घेऊन जाणाऱ्यांच्या बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, त्यामुळे नव्या नोंदीसाठी सीमेवर चेहऱ्याचा फोटो घेतात. आपल्याकडेही नोंदणी केलेल्या प्रवाशांसाठी ई-गेटची सोय जून २०२४ मध्ये दिल्लीला आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी काही विमानतळांवर सुरू झाली. त्या गेटमधून गेले की रांगही टळते आणि शिक्काही.

माझी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे या बदलाकडे मी पासबुकाच्या नजरेने पाहते. खात्याची नोंद बँकेच्या संगणकात असतेच, पण पासबुकातली नोंद खातेदाराच्या हातात असते आणि वाद निघाला की तीच कामाला येते. शिक्क्याचे तसेच होते. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि हा हिशेब अधिकारी शिक्क्यांवरूनच मांडत असत. प्रवेशाचा शिक्का राहून गेला, तर प्रवासी मुदतीपेक्षा जास्त राहिला असे गृहीत धरले जाऊ शकत असे, आणि ते खोडून काढण्यासाठी त्याला तिकिटे, बोर्डिंग पास असले पुरावे द्यावे लागत. आता नोंद त्यांच्या यंत्रात राहते. पण ती साधारण तीन वर्षे जपली जाते, आणि अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज मात्र गेल्या पाच वर्षांत कोणकोणत्या देशांत गेलात हे विचारतो. रद्द करताना कोपरा कापलेला जुना पासपोर्ट कपाटात असला, की वीस वर्षांपूर्वीची तारीखसुद्धा सांगता येते.

प्राप्तिकराचेही तेच. भारतात किती दिवस राहिलो यावर माणूस निवासी की अनिवासी हे ठरते. त्यात १८२ दिवसांचा आकडा महत्त्वाचा असतो आणि दिवस मोजताना शिक्के पुरावा म्हणून पुढे केले जातात. कोकणातल्या घराघरांतून मुलगे बोटीवर नोकरीला असतात, त्यांना ही मोजणी चुकत नाही. माझा एक भाचा रत्नागिरीचा. त्याचे जहाज वर्षभरात कितीतरी बंदरांना लागते, पण पासपोर्टवर त्या मानाने फारच थोडे दिसते. त्याची खरी नोंद सीडीसी या खलाशांच्या पुस्तिकेत असते. जहाजावर रुजू झाल्याची आणि उतरल्याची तारीख त्यात लिहिली जाते, आणि परदेशी जाणाऱ्या जहाजांवरच्या भारतीय कर्मचाऱ्यांचे दिवस त्याच तारखांवरून धरावेत असा नियम २०१५ मध्ये झाला. म्हणजे पगारी दर्यावर्द्याला स्वतःजवळ ठेवता येईल अशी नोंद मिळाली. हौशी क्रूझ प्रवाशाला तसे काहीच मिळत नाही.

म्हणून मी माझ्यापुरती व्यवस्था करून ठेवली आहे. बोर्डिंग पास फेकत नाही, आणि मोबाइलवर असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढते. हाँगकाँगसारखी चिठ्ठी मिळाली तर ती पासपोर्टमध्ये न ठेवता फोटो काढून वेगळ्या पाकिटात ठेवते, कारण ती पातळ असते आणि कधी गळून पडेल याचा नेम नसतो. क्रूझवर शेवटच्या दिवशी केबिनच्या खर्चाचे बिल मिळते, त्यावर सहलीच्या तारखा असतात. त्याला बंदरांचे वेळापत्रक जोडून ठेवते. पुढे अमेरिकेच्या अर्जात माल्टा लिहिताना ती भेट पाच वर्षांच्या आतली का, यासाठी डोके खाजवावे लागले नाही, कारण व्हॅलेटात जहाज सकाळी किती वाजता लागले आणि संध्याकाळी किती वाजता सुटले, हे त्या वेळापत्रकात छापलेले होते.