आमची वाटचाल : अनवट रागांचे मोल

आमचा व्यवसाय पुण्यातला आणि अगदी लहान आहे. मैफलीत क्वचित गायले जाणारे, मोजक्या शिष्यांच्या गळ्यांत टिकून राहिलेले अनवट राग आजच्या गायक-गायिकांकडून गाऊन घ्यायचे, त्यांचे नीट ध्वनिमुद्रण करायचे आणि ते श्रोत्यांना योग्य किमतीला विकायचे, एवढे एकच काम आम्ही कॅसेटच्या अखेरच्या काळापासून करत आलो आहोत. ही ध्वनिमुद्रणे आम्ही फुकट का देत नाही, असे अनेक रसिक आपुलकीने विचारतात. त्याचे उत्तर द्यायचे तर सारी वाटचालच सांगावी लागते.

आमच्या यादीत जयपूर-अत्रौली घराण्याचे राग अधिक आहेत. खोकर, खट, सावनी, बसंती केदार, रायसा कानडा ही नावे ज्यांना आपली वाटतात, असे श्रोते महाराष्ट्रात, गोव्यात आणि धारवाड-बेळगावच्या पट्ट्यात आजही आहेत, पण ते थोडे आहेत. मालकंस या रागात एरवी ऋषभ (रे) आणि पंचम (प) हे स्वर वर्ज्य असतात; संपूर्ण मालकंसात ते दोन्ही येतात आणि तरीही मालकंसाचे गांभीर्य ढळू द्यायचे नसते. हे कसे साधायचे ते पुस्तकात स्वरलिपी पाहून कळत नाही, ते ऐकावेच लागते. या घराण्याचे प्रवर्तक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारचे गायक अल्लादिया खाँ यांचा आवाज कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत नाही. त्यांची विद्या आपल्यापर्यंत आली ती त्यांच्या मुलांच्या आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्यांच्या कष्टांमुळे. जे मुद्रित झाले नाही ते किती सहज निसटू शकते याची जाणीव आम्हाला या एका गोष्टीने पहिल्यापासून दिली.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला १९०२ साली कलकत्त्यात सुरुवात झाली, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत आणि तेवढ्यात गायकाला राग उभा करावा लागे. पुढे लाँगप्लेने एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे दिली, कॅसेटने तीस ते पंचेचाळीस मिनिटे दिली आणि सीडीने सलग सव्वा तासाची सोय केली. ख्याल, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार करत गायचा प्रकार, जसा बैठकीत फुलतो तसा तो श्रोत्याच्या घरी पोहोचण्यासाठी एवढा काळ जावा लागला. या सर्व माध्यमांत एक गोष्ट मात्र समान होती : ज्याला गाणे हवे तो ते विकत घेत असे आणि त्या पैशांतून पुढचे गाणे मुद्रित होत असे. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थेने कॅसेटच्या काळात अशा निवडक श्रोत्यांच्या बळावर मोठे काम करून दाखवले. आम्हाला या व्यवसायात उतरण्याचे धैर्य अशा उदाहरणांनीच दिले.

एका ध्वनिमुद्रणाला काय लागते हे श्रोत्यांना सहसा दिसत नाही, म्हणून ते थोडे सविस्तर लिहितो. गायिका काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज मानून, गाणारी असेल तर त्या स्वराचा तबला, सुरात असलेली संवादिनी (हार्मोनियम) आणि जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, नीट उघडलेले दोन तानपुरे लागतात. स्टुडिओतील वातानुकूलन आम्ही आधीच बंद करतो, कारण त्याची घरघर ध्वनिमुद्रणात उतरते आणि गारव्याने तारा चढतात-उतरतात. तानपुरेवाला घोडीवरच्या तारेखालचा दोरा केसभर पुढेमागे सरकवत बसतो, षड्जातून (सा) गंधार (ग) आपोआप ऐकू येऊ लागेपर्यंत कोणी घाई करत नाही, आणि या अवधीतही स्टुडिओचे तासावारी भाडे चालू असते. पुढे राग एकसंध गायला जातो. बडा ख्याल, म्हणजे विलंबित लयीतला मुख्य भाग, कुठे मनासारखा जमला नाही तर तेवढाच भाग पुन्हा गाऊन जोडणे आम्हाला मान्य नाही. संपूर्ण राग पुन्हा गायला जातो, आणि तबलजींना व संवादिनीवादकांना त्या वाढीव वेळेचेही मानधन दिले जाते. मग ध्वनिसंकलन, बंदिशीच्या शब्दांची खातरजमा, रागाची माहिती देणारी पुस्तिका. यातले काहीही स्वस्तात उरकता येत नाही, आणि ते तसे उरकू नये असे आमचे ठाम मत आहे.

स्ट्रीमिंग सर्वत्र रुळले तेव्हा आमच्या हिशेबाची मांडणीच बदलली. वर्गणीचा एकत्र जमलेला पैसा तिथे बहुधा किती वेळा काय वाजले या प्रमाणात वाटला जातो, आणि साधारणपणे तीस सेकंद वाजले की ते एक वेळा ऐकलेले धरले जाते. म्हणजे तीन मिनिटांचे गीत आणि पन्नास मिनिटांचा बडा ख्याल यांची नोंद एकसारखीच होते. एखाद्या श्रोत्याने ती पन्नास मिनिटे एकच राग ऐकला तर त्या गायिकेच्या नावावर एकच नोंद पडते, आणि त्याच वेळात दुसऱ्याने गाणी ऐकली तर पंधरा-सोळा नोंदी पडतात. त्यातही जगातील एका मोठ्या सेवेने २०२४ पासून असा नियम केला की, मागील बारा महिन्यांत ज्या मुद्रणाला एक हजार वेळाही श्रोता मिळाला नाही त्याला त्यातून काहीच मोबदला मिळणार नाही. खोकर रागाच्या मुद्रणाला वर्षाकाठी असे किती श्रोते मिळणार? लोकप्रिय संगीताच्या मापाने बेतलेली ही व्यवस्था विलंबित लयीच्या संगीताला न्याय देऊ शकत नाही. म्हणून आम्ही तिथे फक्त लहान नमुने ठेवतो आणि पूर्ण राग स्वतः विकतो.

यातून जो मार्ग काढला तो मराठी ग्रंथव्यवहारातूनच आम्हाला सुचला. मोठे ग्रंथ काढताना प्रकाशक जशी प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करतात आणि वाचक पुस्तक छापून होण्याआधी पैसे भरतात, तशीच आम्ही मुद्रणपूर्व नोंदणी सुरू केली. कोणता गायक, कोणते राग, साथीला कोण आणि अंदाजे खर्च किती हे आम्ही आधीच कळवतो. खर्चापुरती नोंदणी झाली की स्टुडिओची तारीख घेतो. यूपीआयमुळे दोनशे-तीनशे रुपयांची रक्कमही विनासायास पोहोचू लागली आणि आमच्यासारख्यांचा मोठा अडसर दूर झाला. परदेशातील मराठी आणि अन्य श्रोत्यांसाठी आम्ही बँडकँप या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर विक्री करतो. तिथे डिजिटल विक्रीवर पंधरा टक्के वाटा कापला जातो, उरलेल्यातून पैसे हस्तांतराचा खर्च जातो आणि बाकी रक्कम आमच्याकडे येते. विशेष म्हणजे तिथले अनेक श्रोते ठरलेल्या किमतीहून स्वखुशीने अधिक देतात.

वाटपाबाबत आम्ही आग्रही आहोत. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंताला त्याच्या सादरीकरणाच्या व्यापारी वापरातून स्वामित्वधन मिळण्याचा हक्क दिला, आणि कायद्याच्या व्याख्येत तबलावादक व संवादिनीवादकही सादरकर्तेच आहेत. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी साथीदाराच्या हाती एकदाच पाकीट ठेवण्याची रूढी जुनी आहे. आम्ही ते मानधन देतोच, आणि पुढील प्रत्येक विक्रीतही त्यांचा वाटा ठेवतो. रक्कम मोठी नसते, पण दर सहा महिन्यांनी हिशेबाचा कागद गायकाबरोबर तबलजींच्याही घरी जातो.

ध्वनिमुद्रणाची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवणाऱ्यांवर मला राग धरता येत नाही, कारण त्यामागे बहुतेकदा निखळ प्रेम असते. अशा रसिकांना आमची एवढीच विनंती असते की, गायिकेचे नाव, साथीदारांची नावे आणि विकत घेण्याचा पत्ता सोबत पाठवावा, आणि स्वतः एक प्रत विकत घ्यावी. गाणे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही निम्म्या किमतीत देतो. ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी गुरूंची चिठ्ठी आणली की पुरते.

सध्या सावनी आणि बसंती केदार या दोन रागांच्या मुद्रणाची नोंदणी चालू आहे. स्टुडिओ आणि साथीदारांच्या मानधनाइतकी रक्कम जमली आहे. पुस्तिकेची छपाई आणि ध्वनिसंकलन यांचा खर्च जमायचा आहे. तो जमला की थंडी पडण्याच्या आत तारीख घेण्याचा विचार आहे, कारण थंडीत गायिकेच्या मैफली सुरू होतात आणि मग सलग दोन दिवस मिळणे कठीण होते.