लकोटा ब्लँकेटवरची मण्यांची पट्टी

उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या सू समूहातील लकोटा स्त्रिया ब्लँकेटवर आडवी शिवत असलेली, वर्तुळे असलेली मण्यांची लांब पट्टी मुळात शोभेसाठी नव्हती. बायसन या तिथल्या रानटी बैलासारख्या प्राण्याचे अवजड कातडे कमावण्यासाठी मधोमध कापून पुन्हा जोडले जाई, ती शिवण झाकण्याची ही सोय होती, आणि व्यापाऱ्यांकडून लोकरी ब्लँकेट आल्यावर शिवण नाहीशी झाली तरी पट्टी टिकली. मण्यांच्या आधी साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांचे भरतकाम होत असे. १९व्या शतकात व्हेनिस आणि बोहेमियाचे (आजच्या चेक प्रजासत्ताकातील भाग) काचमणी आले. कासवाची आकृती स्त्रियांच्या रक्षणाशी जोडली जाते, मात्र अनेक भौमितिक आकृत्यांचा अर्थ करणारीगणिक बदलत असल्याने संग्रहालयांतील ठाम अर्थ सांगणाऱ्या पाट्या मला थोड्या धाडसीच वाटतात.