नळाचा दिवस, बोटीचा दिवस

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेली दोन वर्षे शेजारी शेजारी दोन घड्याळे टांगलेली आहेत. एक सोलापूरचे आणि दुसरे न्यूफाउंडलंडचे. कॅनडाच्या अगदी पूर्व टोकाला अटलांटिक महासागरात असलेल्या या बेटावर भाची शिकायला गेली, तेव्हा हे दुसरे घड्याळ मी नवी पेठेतून आणले, आणि वेळ लावताना एक गंमत लक्षात आली, की दोन्ही घड्याळांचे मिनिटकाटे कायम एकाच जागी राहतात. जगातील बहुतेक देशांच्या घड्याळांत पूर्ण तासांचे अंतर असते. आपला देश अर्ध्या तासावर उभा आहे आणि ते बेटही तसेच. त्यामुळे हिवाळ्यात बरोबर नऊ तास आणि उन्हाळ्यात तिकडची घड्याळे पुढे सरकली की बरोबर आठ तास, एवढाच हिशोब. टोरांटोला गेलेल्या शेजारच्या मुलाच्या आईला साडेनऊ आणि साडेदहाची वजाबाकी बोटांवर करावी लागते. मला नुसते तासकाट्याकडे बघितले तरी पुरते. कॅनडाच्या रेडिओवर म्हणे कार्यक्रमाची वेळ सांगून झाली की ‘आणि न्यूफाउंडलंडमध्ये अर्ध्या तासाने’ अशी पुस्ती जोडतात.

बेट म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे नारळाची झाडे, वाळू आणि एका दमात चालून पुरी होणारी जमीन, असे काहीसे येत असे. प्रत्यक्षात हे बेट एक लाख आठ हजार चौरस किलोमीटरांहून मोठे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्तच आहे, आणि त्यावर राहणारी माणसे मात्र पाच लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या सोलापूर शहराच्या साधारण निम्मी. त्यांतली दोन लाखांवर माणसे सेंट जॉन्स या राजधानीच्या शहरात आणि त्याच्या आसपास एकवटलेली. गेल्या गेल्या मी तिला उत्साहाने विचारले, ‘‘समुद्र कसा आहे गं?’’ त्यावर ती म्हणाली, ‘‘मावशी, समुद्र बघायला वेळ कुठे आहे? मला तो भाजीच्या दुकानातच कळतो.’’

या उत्तराचा अर्थ मला पहिल्या हिवाळ्यात उमगला. बेटावरचा ताजा भाजीपाला बराचसा ट्रकमध्ये भरून येतो. हे ट्रक शेजारच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातील नॉर्थ सिडनीला मोठ्या बोटीवर चढतात, सुमारे 178 किलोमीटरांची कॅबट सामुद्रधुनी सात-एक तासांत ओलांडून बेटावरच्या पोर्ट ओ बास्क येथे उतरतात आणि तिथून सेंट जॉन्सपर्यंत आणखी नऊशे किलोमीटर धावतात. हिवाळ्यात सामुद्रधुनीवर वारा भडकला की बोट सुटत नाही. एक दिवस, कधी दोन, कधी त्याहून जास्त. मग दुकानातील पालेभाजीची फळी आधी विरळ होते आणि पाठोपाठ रिकामी. भाचीने एकदा मला व्हिडिओ कॉलवर तो कप्पा दाखवला होता. वरून बारीक पाण्याचे तुषार सोडणारी नळी नेमाने चालू होती, खाली हिरव्या प्लास्टिकच्या खोट्या पानांची झालर भिजत होती, आणि कोथिंबिरीच्या नावाच्या पाटीखाली एक रबरबँड पडलेला होता. गल्ल्यावरील बाईंनी तिला सांगितले, ‘‘बोट नाही आली, माय लव्ह.’’ (तिथे अनोळखी माणसालाही असे लाडाने हाक मारण्याची पद्धत आहे, हे तिला मला दोनदा समजावून सांगावे लागले.)

कोथिंबीर नाही, कारण बोट नाही. बोट नाही, कारण वारा. या साखळीपुढे तिच्याबरोबरची, मोठ्या शहरांतून आलेली मुले पहिल्या वर्षी वैतागून गेली. आमची मुलगी वैतागली नाही, याचे श्रेय मी निर्लज्जपणे सोलापूरच्या नळाला देते. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर ती वाढलेली आहे. ‘आज नळ आहे का?’ हा प्रश्न आमच्या घरात कॅलेंडरातील कोणत्याही सणापेक्षा जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि पाहुणे कधी बोलवायचे, चादरी कधी धुवायच्या, डोक्यावरून आंघोळ कोणी आणि कधी करायची, हे सगळे त्याच्या उत्तरावर ठरत आले आहे. तिने तिकडे हाच प्रश्न शब्द बदलून चालू ठेवला. बोटीच्या वेळापत्रकाचे पान तिच्या फोनवर कायम उघडे असते आणि चार दिवस वाऱ्याचे दिसले की ती आधीच कोथिंबीर चिरून बर्फाच्या कप्प्यात टाकून ठेवते. चारी बाजूंनी पाणी असलेल्या जागी राहायला आमच्या कोरड्या गावची सवय उपयोगी पडावी, याचे मला अजूनही नवल वाटते.

ती राहते ते घर लाकडी आहे आणि चौघांनी मिळून घेतलेले त्याचे तळघर आहे. नांदेडचा एक मुलगा, केरळची एक मुलगी, लुधियानाची एक आणि ही. वर्ग चालू असताना परदेशी विद्यार्थ्याला बाहेर आठवड्याला जास्तीत जास्त चोवीस तास काम करता येते, म्हणून चौघांचे चोवीस-चोवीस तास फ्रीजवर लावलेल्या एका कागदावर मांडलेले असतात आणि त्यावरूनच कोणी कधी स्वयंपाक करायचा ते ठरते. भिंतीच्या तळाशी बसवलेले विजेचे हीटर रात्रभर चालू ठेवले तर बिल परवडत नाही आणि बंद ठेवले तर खिडकीच्या फटीतून येणारा वारा परवडत नाही. यावर तोडगा निघाला तो सोलापुरी चादरीचा. मी तिला पांघरायला म्हणून दिलेली मोराच्या नक्षीची जाड चादर तिने खिळे मारून खिडकीवर ताणून लावली. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जाणाऱ्या गावाने विणलेली ही चादर अटलांटिकचा वारा अडवत उभी आहे, आणि ती उलट्या बाजूने लावली आहे एवढीच माझी तक्रार आहे. बाकी, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी महिनोन् महिने टिकते, तिला बोटीची वाट पाहावी लागत नाही.

वाऱ्याबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्या मुलांचे निम्मे आयुष्य त्याच्याशी बोलण्यात जाते. कॅनडाच्या सर्वांत वाऱ्याच्या शहरांत सेंट जॉन्सची गणना होते. नेलेली छत्री पहिल्याच आठवड्यात उलटी होऊन तिच्या काड्या मोडल्या, तेव्हापासून तिथे कोणीच छत्री का वापरत नाही, हे तिला कळले. थंडीत पाऊस पडता पडता गोठतो आणि फांद्या, तारा, दाराची कडी, सगळ्यांवर काचेसारखा थर चढतो. फुटपाथ बर्फाच्या ढिगाऱ्यांखाली गेले की बसथांब्यापर्यंत रस्त्याच्या कडेनेच, गाड्यांकडे तोंड करून चालावे लागते. डिसेंबरात दुपारी चार वाजून गेले की अंधार होतो, त्यामुळे दुपारच्या कामावर गेलेला माणूस घरी येताना मध्यरात्र झाल्यासारखा दिसतो. नव्याने आलेल्यांना जुने लोक 17 जानेवारी 2020 ची गोष्ट हमखास ऐकवतात. त्या एका दिवसात विमानतळावर 76 सेंटीमीटर बर्फ पडला, दारे उघडेनात आणि शहरात आठ दिवस आणीबाणी होती. इकडे आमच्याकडे त्याच सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली होती आणि आम्ही उघड्या मैदानात पाळण्यात बसत होतो.

रेल्वे नाही, हे तिला पटवून घ्यायला सर्वांत जड गेले. आमच्या गावात दीडशेहून अधिक वर्षे रेल्वे आहे आणि कोणत्याही अडचणीवर ‘रात्रीच्या गाडीने निघ’ हा आमच्या घरचा उपाय आहे. बेटावरची रेल्वे 1988 मध्ये बंद झाली, रूळ उचलले गेले आणि त्या वाटेवर आता लोक फिरायला जातात. मग गाडी विकत घेणे आले, आणि गाडी आली की मूसची भीती आली. घोड्याहून उंच असे हे हरीणकुळातील जनावर 1904 मध्ये बाहेरून आणून सोडलेल्या चार जनावरांपासून वाढले आणि आता त्याची संख्या लाखाच्या घरात आहे. तिन्हीसांजेला ते रस्त्यावर येऊन उभे राहते. त्याचा रंग डांबरासारखाच असल्याने ते दिसत नाही, म्हणून अंधार पडायच्या आत घरी परतायचे, हा नियम ती आता माझ्यापेक्षा कडकपणे पाळते.

बाहेरून आलेल्याला तिथे ‘कम फ्रॉम अवे’ म्हणतात, आणि हे विशेषण टोरांटोहून आलेल्या कॅनडाच्याच माणसालाही लागते आणि बहुधा जन्मभर सुटत नाही, असे तिने सांगितले. तिला ते थोडे लागले असावे. मी तिला आमच्या पूर्व भागाची आठवण करून दिली. विणकरांची कितीतरी घराणी पिढ्यान् पिढ्या तिथे राहतात, घरात तेलुगू बोलतात, बाजारात मराठी बोलतात आणि तरीही ‘मूळ गाव कोणते?’ हा प्रश्न त्यांना अजून विचारला जातो. सोलापूरची चादर ज्यांच्या हातची, त्यांनाच हा प्रश्न. ती काही बोलली नाही. पुढच्या खेपेला मात्र तिने तिथल्या बोलीचा एक नमुना हसत हसत ऐकवला. ‘तू कुठे आहेस?’ या अर्थी तिथे ‘व्हेअर या टू?’ म्हणतात, तिला पहिल्यांदा वाटले की कुठे निघालीस असे विचारत आहेत, म्हणून तिने बसचा नंबर सांगितला. ‘‘आपण पुण्यात ‘काय करायलास’ म्हटल्यावर तिथली माणसे जशी बघत, तशी मी बघत होते,’’ असे ती म्हणाली.

एक जुलैला कॅनडा दिन म्हणून सुटी असते, तेव्हा चौघांनी सकाळी डबे घेऊन फिरायला जायचे ठरवले होते. बाहेर पडतात तर लोक गप्प, छातीवर निळी छोटी फुले लावून स्मारकापुढे उभे. 1916 मध्ये याच तारखेला फ्रान्समधील एका लढाईत इथली सुमारे आठशे मुले पुढे गेली आणि दुसऱ्या दिवशी हजेरीला अडुसष्ट उभी राहिली. ही शिकते ते विद्यापीठही त्याच महायुद्धातील मृतांच्या आठवणीसाठी 1925 मध्ये सुरू झालेले आहे, हे तिला त्या सकाळी समजले. अडुसष्ट हा आकडा सोलापूरकराच्या कानाला ओळखीचा आहे. सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेली लिंगे अडुसष्ट. तिने फोनवर आकडा सांगितला आणि आम्ही दोघी काही वेळ बोललो नाही.

आमचे निवांत बोलणे होते ते मात्र नळाच्या दिवशी. पाणी पहाटे तीनला येते, तेव्हा तिकडे हिवाळ्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि ती कामावरून येऊन बूट काढत असते. मी फोन पिंपाच्या कडेला टेकवून ठेवते. मोटारीच्या आवाजात तिचे अर्धे शब्द बुडतात.

‘‘मावशी, प्रेशर आहे का?’’

‘‘आज बरे आहे. तुमची बोट?’’

‘‘काल रात्री सुटली. उद्यापर्यंत ट्रक येतील.’’

‘‘मग मेथी मिळाली तर घे.’’

‘‘बघते. आधी तू कळशी बाजूला घे, भरून वाहायला लागली आहे.’’