माळवदाचं घर न पाडता मजबूत केलं: माझा अनुभव

“पाडा आणि स्लॅबचं बांधा.” १० जुलै २०२४ च्या भूकंपानंतर आमच्या माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या दगडी घराबद्दल ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं. त्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला होता. वसमत तालुक्यातल्या आमच्या घरी कुणाला खरचटलंही नाही, पण माजघराच्या कोपऱ्यातली चीर रुंदावली आणि रस्त्याकडच्या भिंतीला पोट आलंय हे दिसलं. मार्चमध्येही असाच एक धक्का येऊन गेला होता. पांगरा शिंदे गावाच्या बाजूला तर जमिनीतून आवाज येणं वर्षानुवर्षं चालू आहे, त्यामुळे “होतंच असतं” म्हणून विषय सोडून द्यायची गावाला सवय झाली आहे.

नवीन घर बांधण्याइतके पैसे नव्हते. सासरे, म्हणजे मामा, घर पाडायला मनाने तयार नव्हते. चौकशी करताना एक निवृत्त इंजिनिअर भेटले. किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांनी औसा-उमरग्याकडच्या गावांत घरं मजबूत करण्याचं काम केलं होतं. त्यांनी घरात आल्यावर आधी बाहेरच्या भिंतीतला एक सैल दगड हलक्या हाताने काढायला लावला. आत बोटभर लांबीच्या कपच्या आणि कोरडी माती. अडीच फुटांची भिंत म्हणून आम्ही जिच्यावर विसंबून होतो, त्या खरं तर दोन पातळ भिंती होत्या: एक बाहेरची, एक आतली, मध्ये भर. दोघींना बांधणारा एकही आरपार दगड तिथे नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीत हेच घडलं. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात भिंतींचे दोन पदर वेगळे होऊन ढासळले, वरची मातीची धाबी खाली आली आणि झोपेतली हजारो माणसं त्याखाली गाडली गेली. भूकंपाचा धोका दाखवणाऱ्या त्या वेळच्या नकाशात तो भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ साली तो तिसऱ्या विभागात आला. “आपल्याकडे मोठा भूकंप होत नाही,” असं कुणी म्हटलं की मला हा नकाशा आठवतो.

कामाची सुरुवात वरून झाली. माळवद गळायला लागलं की पांढरी माती टाकायची, ही पिढ्यांची रीत. जुनी माती मात्र कुणी काढत नाही. थरावर थर चढून आमच्या डोक्यावर काही टनांचं ओझं साचलं होतं. तुळयांना खालून टेकू दिले, माती उतरवली, जाड प्लास्टिकचा कागद अंथरला आणि वर वीतभरच माती परत घातली. त्या पावसाळ्यात माळवद गळलं नाही, तेव्हा कुठे सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा, या कामावर विश्वास बसला.

भिंतीचं काम सगळ्यांत जिकिरीचं. एक-एक मीटर अंतरावर खुणा केल्या, वरची ओळ खालच्या ओळीपासून अर्धा मीटर सरकवून. प्रत्येक खुणेवर बाहेरचा दगड, मग भर, मग आतला दगड काढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. हाच नवा आरपार दगड. यात घणाचा एक ठोकाही चालत नाही. छोट्या पहारीने दगड हळूहळू हलवून सैल करावा लागतो, नाहीतर शेजारचे चार दगड बाहेर येतात. आमचे मिस्त्री वैतागले. “मॅडम, भिंत पाडून नवी उभी करणं सोपं हाय,” ते म्हणाले. इंजिनिअरसाहेबांनी त्यांच्या शेजारी उकिडवं बसून पहिली काही भोकं स्वतः केली. नंतर मिस्त्रींचा हात असा बसला की सळई घालायच्या आधी तेच मला आत डोकावून बघायला लावायचे.

मग पट्टा. दारा-खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंतींवरून खंड न पडू देता, गिलावा खरवडून, सांधे उकरून वेल्डेड जाळी ठोकली आणि एकास तीन सिमेंट-वाळूचा गिलावा दोन थरांत केला. कोपऱ्यांवर उभी जाळी. धक्का बसला की चार भिंती चार दिशांना जायला बघतात. पेटाऱ्याला आवळलेल्या पट्टीसारखा हा पट्टा त्यांना एकत्र धरतो. पण तो एका दाराशी जरी तुटला तर उपयोग संपला. पाण्याची टंचाई असूनही गिलाव्यावर रोज पाणी मारलं, त्यात काटकसर केली नाही. लाकडी खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरके टेकू बसवले, म्हणजे सांगाडा एका अंगावर कलंडणार नाही.

खर्च नव्या घराच्या चौथ्या हिश्श्याच्या आत राहिला. तरी पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट ठासून सांगायची आहे. मातीत बांधलेल्या जुन्या दगडी भिंतींवर तशीच स्लॅब ओतणं हे मजबुतीकरण नाही. भिंत तीच कमकुवत आणि डोक्यावर काँक्रीटचं वजन, अशी ती गत आहे. आमच्या गल्लीत अशी घरं आहेत आणि तिथे लहान मुलं झोपतात. त्यांच्या घरी जाऊन मी हे बोलले, काहींना राग आला तरी. ज्यांच्या पत्र्यांवर वाऱ्यासाठी दगड ठेवलेले होते त्यांनाही ते उतरवून पत्रे हुकच्या बोल्टने आवळायला सांगितलं. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानेही ते दगड काढायला सांगितलं होतं.

आता गोठ्याची भिंत नव्याने घालायची आहे. जाडी दीड फूट, त्याहून जास्त नाही, आणि दर मीटर-सव्वा मीटरवर एक आरपार दगड. तेवढ्या लांबीचे दगड मामा आणि मिस्त्री जुन्या ढिगातून निवडून बाजूला लावत आहेत.